सासूबाईंचे घोरणे

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची सवय नाही. चुकेल ते पदरात घ्यावे.

आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या. त्यांच्या घोरण्याची घरात थट्टा होई. "आईला काय गाढ झोप लागते!" असे हे म्हणत. पण दिवसा त्या पोथी वाचता वाचता पेंगत. पुढे आमटीत दोनदा मीठ पडू लागले, एकदा गॅस तसाच चालू राहिला. मी त्यांना नको नको ते बोलले. वर, झोप पुरत नसेल म्हणून शेजारच्या सांगण्यावरून झोपेची गोळीही देऊ लागले.

एका रात्री घोरणे एकदम थांबले. श्वासही थांबला. मी घड्याळाकडे पाहून मोजले, 20 सेकंद! मग हिसका बसून श्वास सुरू झाला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

डॉक्टरांनी आधी ती गोळी बंद केली. तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात. रोगाचे नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. सकाळी माणसाला यातले काही आठवत नाही. बोटाला चिमटा, छातीला पट्टा लावून घरीच रात्रभर तपासणी झाली. तासाला 34 वेळा श्वास अडत होता! 30 पासून पुढे रोग गंभीर समजतात.

माझ्या मुलीने वाचून दाखवले, की अमेरिकेत डॉ. क्रिस्टीन याफे यांनी 298 वृद्ध स्त्रियांना सुमारे 5 वर्षे पाहिले. 2011 साली ते छापून आले. श्वास अडणाऱ्या 105 जणींपैकी 47 जणींची बुद्धी मंदावली किंवा त्यांना स्मृतिभ्रंश झाला. बाकीच्या 193 जणींत अशा 60. म्हणजे शेकडा 45 आणि 31. बायकांचाच हिशेब आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

उपाय म्हणजे नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांचे ते काम, 1981 सालचे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला काय गणपतीची सोंड लावतेस?" आठवडाभर रुसवा चालला. मग मीच रोज रात्री पट्टा बांधून शेजारी बसू लागले.

यंत्राने विसर पडायचा थांबेलच, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण आता पोथीवर पेंग येत नाही. परवा एक अध्याय एका बैठकीत वाचून झाला. आमटीत मीठ मात्र मीच घालते.