बसायला जागा



कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विषय निघाला की हल्ली योगासनांचे वर्ग, तपासणी शिबिरं आणि ताणतणावावरची व्याख्यानं यांची चर्चा होते. त्यातलं पुष्कळसं चांगलंच आहे. मला मात्र आज याहून फार साध्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. दुकानात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसाला अधूनमधून बसायला मिळावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

साड्यांची दुकानं, सोन्याच्या पेढ्या, चपलांची शोरूम्स, मॉल, सुपरमार्केट, औषधांची दुकानं अशा ठिकाणी काउंटरपलीकडे आज हजारो मुली आणि बायका काम करतात. सकाळी दहाला उभ्या राहिल्या की जेवणाचा अर्धा तास सोडला तर रात्री दुकान आवरेपर्यंत त्या उभ्याच असतात. गिऱ्हाईक नसलं तरीही! उलट रिकाम्या वेळात बसलेलं दिसणं अनेक ठिकाणी मोठाच गुन्हा समजला जातो. मग त्या घड्या पुन्हा घालतात, काच पुन्हा पुसतात, कपाटाला जरा पाठ टेकवतात आणि मालकाची चाहूल लागली की सरळ होतात.

यातल्या अनेकजणी माझ्या दवाखान्यात येतात, बहुतेक बाजार बंद असतो त्या वारी. तक्रारी ठरलेल्या असतात. संध्याकाळी पावलं सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते. कंबर धरते. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरा फुगून वर आलेल्या असतात. त्यांना आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. वयाचा विचार केला तर हे सगळं त्यांना दहा-पंधरा वर्षं लवकर आलेलं असतं.

असं का होतं? हृदयाने पायांत पाठवलेलं रक्त परत वर चढवायचं काम बरंचसं पोटरीच्या स्नायूंवर असतं. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि सैलावते, गावातला हापसा मारावा तसं रक्त वर ढकललं जातं. शिरांच्या आतल्या बारीक झडपा ते खाली परतू देत नाहीत. माणूस एका जागी खिळून उभा राहिला की हा हापसा थांबतो. रक्त खाली साचतं, शिरांच्या भिंतींवर ताण येतो, त्या ताणतात, झडपा नीट मिटेनाशा होतात. एकदा झडप निकामी झाली की ती मलमाने किंवा गोळीने पूर्ववत होत नाही. दुखणं पुढे गेलं तर घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि कधीकधी महिनोन्‌महिने न भरणारी जखम होते. डेन्मार्कमध्ये कामगारांच्या मोठ्या गटाचा बारा वर्षं पाठपुरावा केला गेला. कामाचा बहुतेक वेळ ज्यांचा उभ्याने किंवा चालण्यात जात होता, त्यांना या शिरांच्या दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण इतरांच्या दीडपटीहून अधिक निघालं.

याला जोडूनच दुसरी अडचण येते. अनेक दुकानांत कामगारांसाठी स्वच्छतागृह नसतं, असलं तर दोन मजले खाली किंवा मागच्या गल्लीत. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. मग उन्हाळी लागते, मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. पाळीच्या दिवसांतले हाल तर त्या डॉक्टरलाही धड सांगत नाहीत.

याच अडचणीतून केरळमध्ये एक लढा उभा राहिला. कोळिकोड शहरात मिठाई तेरुवु नावाची बाजारपेठ आहे, आपल्या पुण्यातल्या लक्ष्मी रोडसारखी कायम गजबजलेली. तिथे शिवणकाम करणाऱ्या विजी या बाईंनी आसपासच्या दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं. त्यांच्या संघटनेचं नाव पेण्कूट्ट. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती. मग बसण्याच्या हक्काची मागणी पुढे आली. २०१४-१५ मध्ये त्रिशूरच्या एका साडीच्या दुकानातल्या कामगार बायकांनी त्यासाठी आंदोलन केलं आणि ते कित्येक आठवडे चाललं. शेवटी २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्याची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. त्याच वर्षी बीबीसीने जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत विजी यांचं नाव घेतलं. २०२१ मध्ये तामिळनाडूने असाच कायदा केला. चेन्नईतल्या रंगनाथन स्ट्रीटवरच्या कापड दुकानांतले कामगार कसे जगतात, हे 'अंगाडी तेरु' या तमिळ चित्रपटाने २०१० मध्येच लोकांपुढे आणलं होतं.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. ब्रिटनमध्ये १८९९ साली दुकानांत काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे एक आसन ठेवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय करण्याची सक्ती होती. कारखान्यातल्या कामगाराच्या पायांचा विचार स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर झाला. दुकानातल्या कामगारासाठी तसं कलम करायला पहिल्या राज्यालाही त्यानंतर सत्तर वर्षं लागली, आणि ते पहिलं किंवा दुसरं राज्य महाराष्ट्र नव्हतं. कामगार चळवळीचा एवढा मोठा वारसा असलेल्या राज्याबद्दल हे बोलताना मला वाईट वाटतं.

'गिऱ्हाईक आलं आणि विक्रेता बसलेला असला तर बरं दिसत नाही,' असं मालक सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या जुन्या कापडाच्या दुकानांत पांढरीशुभ्र गादी अंथरलेली असायची. गिऱ्हाईक गादीवर, माल दाखवणाराही गादीवर. मांडी घालून बसूनच तो नऊवारी आणि पैठण्या उलगडायचा आणि त्यात कुणाला कधी अपमान वाटला नाही. काचेचे काउंटर आले, झगमगीत शोरूम्स आल्या आणि विकणारा उभा राहिला. उभं राहणं म्हणजे अदब, ही समजूत त्यानंतर रुजली. जर्मनीतल्या सुपरमार्केटात पैसे घेणारी माणसं खुर्चीवर बसूनच काम करतात, आणि रांग आपल्याइतकीच भराभर सरकते.

आता काय करता येईल ते सांगतो. मालकांनो, काउंटरमागे पाठीला टेकू असलेली उंच स्टुलं ठेवा, तीही हाताशी, गोदामात नव्हेत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायला परवानगी आहे, हे सर्वांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगा. कारण स्टूल आहे पण बसायची भीती आहे, अशी दुकानं मी पाहिली आहेत. गरोदर कामगाराला बसून करता येईल असं काम द्या. फरशीवर जाड रबरी चटई टाका. पिण्याचं पाणी आणि कुलूपबंद न ठेवलेलं स्वच्छतागृह असू द्या. चांगली विक्रेती तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि ती पायाच्या दुखण्यामुळे काम सोडून गेली की दुकानाचं किती नुकसान होतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

आणि काउंटरमागे काम करणाऱ्या माझ्या बहिणींनो, उभं राहावंच लागलं तर दर थोड्या वेळाने टाचा उचला, चवड्यांवर या, चार पावलं चाला. एक पाय छोट्या पाटावर, मग दुसरा, असं आलटूनपालटून ठेवा. सपाट, पातळ चपला घालू नका. रात्री पाय उशीवर उंच ठेवून पडा. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर बाजार बंद होण्याच्या वाराची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, पैसे कापले जात असतील तर कार्ड मागून घ्या. त्यावर मिळणारा उपचार तुमच्या हक्काचा आहे.

उरलो आपण, खरेदी करणारे. दुकानदार आपल्याच पसंतीसाठी माणसं उभी ठेवतो, तेव्हा आपण बोललो तर तो ऐकेल. पुढच्या वेळी साडी पाहायला बसाल तेव्हा समोरच्या मुलीला सांगा, 'बाई, तूही बस, बसूनच दाखव.' आणि निघताना मालकाला विचारा, 'यांच्यासाठी स्टूल कधी आणताय?'