थांबा कोणी म्हणायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ढाणकीत आणि आजूबाजूच्या गावांत तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या वरातीत मी क्लॅरिनेट वाजवलं आहे. पण तुम्ही सगळे एका जागी गप्प बसून माझ्याकडे पाहताय, असं आज पहिल्यांदाच घडतंय. (हशा)

सरांनी सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल बोल." माझं काम म्हणजे बँड. चौदा माणसं, एक गाडी, एक जनरेटर. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो आणि मृगाच्या तोंडावर संपतो. खरी कमाई चैत्र-वैशाखातली. आणि आपल्याकडे अवकाळीही नेमका त्याच दिवसांत येतो. दुपारभर जमीन तापते, वरून कोरडा वारा वाहतो, त्यात समुद्राकडची ओलसर हवा येऊन मिसळते आणि दुपार कलली की ढग चढायला लागतात. वरात काढणारेही ऊन उतरायचीच वाट पाहतात. म्हणजे ढगांची आणि आमची वेळ एकच.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पैनगंगेच्या पलीकडे, हिमायतनगरच्या बाजूला एका गावात वरात होती. दिवस मावळायच्या सुमाराला निघालो. वारा पडला होता, मावळतीला काळंभोर झालं होतं. पोट्टे मात्र रंगात आले होते. आता वाजवणाऱ्याशिवाय कोणाला सहसा माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. ढोल-ताशाच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला गडगडाट ऐकूच येत नाही. वीज चमकलेली दिसते, पण वाटतं कोणी फोटो काढला.

आमच्या बँडमास्तरांनी हात वर केला, वाजवणं थांबलं. लगेच नवरदेवाचे मित्र पुढे आले. "पैसे मोजलेत मास्तर, अजून एक गाणं होऊन जाऊ द्या!" मास्तर एवढंच म्हणाले, "आधी जनरेटर बंद." कारण वरातीच्या दोन्ही बाजूंनी आठ बाया डोक्यावर दिवे घेऊन चालत होत्या. ते सगळे दिवे वायरीने जनरेटरला जोडलेले असतात. पाऊस आला की पहिला धोका त्यांना. आणि वरातीत सगळ्यात कमी मजुरीही त्यांचीच.

दिवे उतरवले, वायर गुंडाळली आणि आम्ही शाळेच्या पक्क्या व्हरांड्यात पोचतो न पोचतो तोच गारा सुरू झाल्या. मांडवाचं कापड फाटून गेलं, पंगत भिजली. पण कोणाला इजा झाली नाही.

हिशोबाच्या वेळी यजमान म्हणाले, "अर्धं वाजवलं, अर्धे पैसे." त्यांच्यावर मी राग धरत नाही. त्यांचंही नुकसान झालं होतं. पण आमच्या माणसांनी त्या वरातीसाठी पूर्ण दिवस दिला होता, अर्धा नव्हे. मास्तरांनी दिवेवाल्या बायांना पूर्ण मजुरी दिली आणि उरलेलं आम्ही वाटून घेतलं. माझ्या क्लॅरिनेटची पॅडं भिजून फुगली, भोकं नीट झाकेनात, सूर फाटायला लागला. पुढच्या दोन सुपाऱ्या उसन्या वाद्यावर काढल्या. ताशाचं पान आजकाल फायबरचं असतं, ते पुसलं की झालं. डफड्याचं चामडं मात्र एकदा ओलं झालं की शेकोटीवर तापवल्याशिवाय बोलत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा शेतांचे पंचनामे झाले. भिजलेल्या वाद्याचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

पण आज मी पैशाचं रडगाणं गायला उभा नाही. मला त्या पाच मिनिटांबद्दल बोलायचं आहे. मास्तरांनी हात वर केला, पण थांबा म्हणायचा हक्क त्यांना कोणी दिला होता? कोणीच नाही. यजमान पाहुण्यांत अडकलेले, नवरदेव घोड्यावर, पोट्टे नाचण्यात आणि आम्ही तर पैसे देऊन बोलावलेली माणसं. मास्तर जुने आणि खमके होते म्हणून निभावलं. नव्या पोराने त्यांच्या जागी काय केलं असतं? एक गाणं अजून वाजवलं असतं.

असं होतं म्हणून माणसं जातात. १३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत शुगरलँड नावाचा बँड मंचावर येणार होता. वादळी वारा सुटला आणि मंचाचं छत प्रेक्षकांवर कोसळलं. सात जण गेले. नंतर चौकशी झाली. तो सांगाडाच पुरेसा मजबूत नव्हता, हे तर निघालंच. पण कार्यक्रम थांबवायचा अधिकार नक्की कोणाचा, हेही तिथे स्पष्ट नव्हतं, असं त्या चौकशीत दिसून आलं. एवढा श्रीमंत देश, एवढी यंत्रं, आणि अडलं कुठे? जिथे आमची वरात अडली होती तिथेच.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातली. ९ एप्रिल २०२३, अकोला जिल्ह्यातलं पारस. वादळी पावसात लोक देवस्थानाच्या टिनाच्या शेडखाली उभे होते. शेजारचं मोठं कडुनिंबाचं झाड शेडवर पडलं. तिथेही सात जीव गेले. आडोसा म्हणून आपण झाड पाहतो, टिन पाहतो. वादळात दोन्हींचा भरवसा नाही.

त्या हंगामानंतर आमच्या इसाराच्या पावतीवर आम्ही तीन ओळी लिहायला लागलो. पहिली, आभाळ पाहून थांबायचं बँडमास्तर ठरवतील. दुसरी, आभाळामुळे थांबलं तर मजुरी पूर्ण दिवसाची. तिसरी, जवळची पक्की इमारत कोणती, ते यजमानांनी आधी दाखवावं. आमचा जनरेटरवाला वाजवत नाही, म्हणून आभाळावर नजर ठेवायचं काम त्याचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप त्याच्या मोबाईलवर आहे, जवळपासच्या विजेची सूचना त्यावर येते. नेटवर्क नसलं तर विज्ञानाच्या तासाला शिकलेलं कामी येतं. आवाज एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यावर तीस आकडे मोजायच्या आत गडगडाट आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. वाजवणं बंद. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. सर, तेव्हा आम्ही मागच्या बाकावर होतो, पण ऐकत होतो. (हशा)

मित्रांनो, आता आपल्या वयाची माणसं मुलामुलींची लग्नं काढताहेत. कोणी मांडवाचा धंदा करतं, कोणी गावचा कारभार पाहतं. म्हणून तुम्हालाच मागतो. बँड ठरवताना गाणी ठरवता, तसं थांबायचं कोणी ठरवायचं हेही ठरवा. त्याने हात वर केला की घरच्या वडीलधाऱ्याने त्याच्या बाजूला उभं राहावं, पोरांच्या नाही. आणि त्या दिवशीची मजुरी कापू नका. मजुरी कापली जाईल या भीतीनेच माणूस पावसात वाजवत राहतो.

आपल्या शाळेत घंटा शिपाईमामा वाजवायचे. ती वाजली की तास संपला. शिकवणारे सर असोत की खुद्द मुख्याध्यापक, मामांना कोणी विचारलं नाही की तुम्ही कोण थांबवणारे. घंटा त्यांच्या हातात आहे, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं होतं. वरातीतली घंटा आमच्या मास्तरांच्या हातात द्या, एवढंच मागणं.

जेवणानंतर वाजवायला सांगितलं आहे. आभाळ स्वच्छ आहे, मी पाहून आलोय.