सांडवा



पावसाळ्यात एखादा तलाव भरला की वर्तमानपत्रांत ‘तलाव ओव्हरफ्लो’ असा मथळा झळकतो. एका परक्या शब्दात सगळ्या पाण्याची सोय लागते! मराठीची रीत अशी नाही. दूध उतू जाते, रांजण ओसंडतो, समुद्राला उधाण येते. नदी दुथडी वाहते तेव्हा ती अजून आपल्या पात्रातच असते. पूर ही त्यापुढची अवस्था. आणि तळे भरले म्हणजे त्याचा सांडवा वाहू लागतो.

आज ‘सांडणे’ म्हटले की हातून चुकून काही जमिनीवर पडल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. जुन्या मराठीत मात्र सांडणे म्हणजे टाकणे, त्याग करणे. ‘ज्ञानेश्वरी’च्या वाचकांस हा अर्थ परिचित आहे. सांडवा या शब्दात मला तोच अर्थ दिसतो. तळे जे पाणी सांडते ते चुकून नव्हे. तेवढे सोडावयाचे, हे बांध घालतानाच ठरलेले असते.

मातीच्या बांधाच्या माथ्यापेक्षा काही हात खाली, एका अंगास, दगडी भिंत बांधून किंवा खडक फोडून ही वाट ठेवतात. कारण मातीच्या बांधावरून पाणी जाऊ लागले की ते उतारावरची माती धुऊन नेते आणि बांध फुटतो. म्हणून ‘सांडव्यावरून पाणी गेले’ ही आनंदवार्ता, तर ‘बांधावरून पाणी गेले’ ही संकटाची हाक. ओव्हरफ्लो या शब्दात हा भेद बुडून जातो. 28 सप्टेंबर 1908 रोजी मूसीने हैदराबाद बुडविले, त्या वेळी वरच्या खोऱ्यातील कितीतरी तळ्यांचे बांध फुटले होते. त्यांचे पाणीही त्या महापुरात मिसळले.

आमच्या तेलुगू शेजाऱ्यांनी यास ‘अलुगु’ म्हटले, कन्नड बांधवांनी ‘कोडी’. तळ्यांवर जगणाऱ्या मुलखात असा शब्द हवाच. नाशिकला गोदावरीच्या पात्रातील दगडी बांधासही सांडवा म्हणतात. तेथील ‘सांडव्यावरची देवी’ प्रसिद्धच आहे.

मोठ्या धरणांच्या सांडव्यांना पुढे दारे आली आणि प्रश्न थोडा बदलला. 1908 च्या त्या महापुरानंतर मूसीवर उस्मानसागर बांधला गेला. तो 1920 साली पुरा झाला. बिनदाराचा सांडवा पाणी चढेल तसतसा वाहतो. दारे उचलली की मात्र खालच्या नदीचे पाणी थोड्या वेळात चढते. अशा वेळी कधी कधी ‘विसर्ग सुरू’ एवढीच सूचना निघते. ज्याने व्याकरणात विसर्ग म्हणजे दोन टिंबे एवढेच शिकले, त्या काठावरच्या माणसाने तिचा काय बोध घ्यावा? सांडवा आपसूक वाहतो आहे की दारे उचलली आहेत, आणि किती उचलली, हे त्याला सरळ सांगितले तर जनावरे सोडावयास त्याला वेळ मिळेल.