एम्प्रेस मिल : मालकाचे दुःख

(कामठी येथील व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरची एम्प्रेस मिल कायमची बंद होऊन आज दोन दशके उलटून गेली. त्या गिरणीचा विषय कामठीत कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. गिरणी नागपूरच्या जुम्मा तलावाकाठची, मालक मुंबईचे. कामठी हे १८२१ साली कन्हान नदीकाठी वसलेल्या छावणीचे गाव, आणि येथील कष्टकरी माणसाचे पोट हातमाग आणि बिडी यांच्यावर चाललेले. परंतु हातमागाला सूत लागते, आणि गेल्या शतकाच्या आरंभापासून या भागातील विणकर गिरणीच्या सुतावर अवलंबून होता. नागपूरच्या हलबा-कोष्ट्याचा माग असो की १८५७ नंतर उत्तरेकडून येऊन कामठीत स्थिरावलेल्या मोमीन विणकराचा माग असो, त्याच्या ताण्याबाण्याचा संबंध गिरणीच्या चात्यांशी जडलेला होता. गिरणी बंद पडण्याचा प्रश्न कामठीला परका नाही. शिवाय ‘मालक’ या शब्दाचा अर्थ कामठीत जितका स्पष्ट दिसतो तितका तो मुंबईच्या बॉम्बे हाऊसमधून दिसत नाही. त्याचा विचार पुढे येईलच.

प्रथम थोडा इतिहास. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. मुंबईत गिरण्यांची दाटी होत असता त्यांनी नागपूर निवडले ते केवळ धाडसाने नव्हे, हिशेबाने. कापूस येथे पिकतो, कोळसा जवळ, रेल्वे आलेली, आणि माल खपण्यास हातमागांचा मोठा प्रदेश भोवती पसरलेला. जुम्मा तलावालगतची दलदलीची जागा भरून काढण्याचे काम चालू असता एका स्थानिक सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले आणि हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे असे म्हटले. पुढे त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी माती घातली आणि सोने काढले. जमशेटजींच्या चरित्रांत ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. सोने कोठे गेले, हे मात्र त्या गोष्टीत येत नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे मागांसह गिरणी सुरू झाली. नावही त्या प्रसंगावरूनच पडले. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले, कापडधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. यंत्रतज्ज्ञ जेम्स ब्रुक्सबी लँकेशायरचा. १८८० नंतरच्या दशकात या गिरणीने रिंग चात्यांचा प्रयोग केला, तेव्हा इंग्लंडातील गिरणीवाले त्याविषयी अजून साशंक होते. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची व्यवस्था झाली. सरकारी नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते. समाजवाद्याने ते मान्य करण्यास कचरू नये. नागपूर भागातील महार समाजाच्या हजारो माणसांना गावकीच्या बाहेर रोख पगाराचे काम मिळाले ते या गिरण्यांत, आणि पुढच्या काळात नागपुरात उभ्या राहिलेल्या दलित चळवळीच्या पाठीशी हा गिरणीकामगार होता. रा. स. रुईकरांसारख्या नेत्यांनी त्याच कामगाराला संप करण्यास शिकविले, कारण निवृत्तिवेतन ही मालकाची देणगी होती आणि देणगी देणारा ती मागेही घेऊ शकतो, हे मंदीच्या आणि पगारकपातीच्या दिवसांत त्यांनी पाहिले होते.

आता शेवटच्या पर्वाकडे वळू. १९७७ मध्ये, गिरणीच्या शताब्दीच्या सुमारास, आजारी पडलेल्या एम्प्रेसची जबाबदारी रतन टाटा यांच्याकडे देण्यात आली. त्यांनी ती पुष्कळशी सावरली. एक वेळ लाभांशही जाहीर झाला. परंतु यंत्रे जुनी, कामगार मोठ्या संख्येने, आणि माल जाडाभरडा व मध्यम प्रतीचा. यंत्रमागाच्या आणि कृत्रिम धाग्याच्या स्पर्धेत नेमक्या याच कापडाची बाजारपेठ ढासळत होती. आणखी भांडवल घालण्याची रतन टाटांची मागणी होती. थोडे मिळाले, ते पुरले नाही. समूहातील इतर कंपन्यांचा पैसा नागपूरकडे वळविण्यास बॉम्बे हाऊस तयार नव्हते. नानी पालखीवाला यांच्यासह काही संचालकांचे मत पडले की गिरणी मोडीत काढावी, आणि १९८६ मध्ये टाटांनी ती सोडली. रतन टाटा अतिशय निराश झाले. पुढे एका मुलाखतीत ते म्हणाले, की गिरणी पुन्हा उभी राहण्यास अवघ्या ५० लाख रुपयांची गरज होती. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांच्या कारकिर्दीच्या आढाव्यांत एम्प्रेसचा उल्लेख तरुणपणीचे एक अपयश म्हणून झाला.

या दुःखाच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पालखीवालांच्या मतातही विसंगती नव्हती. बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात त्यांनी जो पक्ष मांडला, त्यात मालमत्तेविषयीची त्यांची श्रद्धा स्वच्छ दिसते. ज्या उद्योगात घातलेला रुपया परत येत नाही तो उद्योग बंद करावा, हे त्या श्रद्धेचे सरळ अनुमान होय. दोघांत मतभेद झाला तो ‘पन्नास लाख घालावेत की नाही’ एवढ्यापुरता. ज्या टेबलाभोवती तो झाला तेथे नागपूरचा एकही जॉबर किंवा विणकर नव्हता, आणि ही गोष्ट त्या दोघांपैकी कोणालाही खटकली नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबले पाहिजे.

पन्नास लाखांचा हिशेब दोन वह्यांत दोन प्रकारे लिहिला जातो. बॉम्बे हाऊसच्या वहीत त्याची तुलना होते ती हेच पैसे दुसऱ्या उद्योगात घातल्यास काय मिळेल याच्याशी. अर्थशास्त्र ज्याला संधित्याग म्हणते तो हा. मालकाचे भांडवल द्रव आहे. आज कापडात, उद्या रसायनात, परवा मोटारीत. कामगाराचे भांडवल म्हणजे वीस वर्षांत हाताला आलेली नजर आणि सफाई. तुटलेला धागा कोणत्या कोनातून जोडावा हे ज्ञान मोटारीच्या कारखान्यात विकता येत नाही. गिरणी बंद झाली की त्या ज्ञानाची किंमत एका दिवसात शून्य होते, आणि हा घसारा कोणत्याही ताळेबंदात दाखवीत नाहीत. यंत्रांच्या घसाऱ्यासाठी कायदा तरतूद करावयास लावतो, तरीही आधुनिकीकरणाची वेळ आली तेव्हा पैसा नव्हता. चांगल्या वर्षांतील नफा कोठे गेला, हा प्रश्न म्हणून वावगा नव्हे. जमशेटजींनी १८८६ मध्ये कुर्ल्याची गिरणी घेऊन स्वदेशी मिल उभारली, नंतर पोलाद आणि वीज आली. या राष्ट्रीय कार्याचे मोल थोर आहे. पण त्या समूहाच्या पायाभरणीत एम्प्रेसच्या यशाचा आणि नफ्याचा वाटा होता, आणि पडत्या काळात या गिरणीला सांगण्यात आले की समूहातील इतर कंपन्यांचा पैसा तिच्याकडे येऊ शकत नाही. मर्यादित दायित्वाचे तत्त्व असे एका दिशेनेच वाहते.

काळही प्रतिकूल होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणीसंपाने मालकांना शिकविले की गिरणीपेक्षा जमीन मोलाची आहे. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने न चालणाऱ्या गिरण्या बंद होऊ देण्याची दिशा दाखविली. कायद्याच्या बाजूला मात्र त्याच सुमारास थोडा उजेड होता. कंपनी विसर्जित करण्याच्या अर्जावर कामगारांचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२ मध्ये न्या. भगवती यांच्या पीठाद्वारे बहुमताने दिला. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांचे देणे तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने आणले गेले. नंतरचा प्रवाह उलटा वाहिला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांच्या थकबाकीची ही बरोबरी २४ महिन्यांपुरती सीमित झाली. कारखाना बंद करण्यास शासनाची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १९८२ च्या दुरुस्तीने ३०० कामगारांवरून १०० वर आणली होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली.

येथे टाटांवर टीका करून थांबणे सोयीचे झाले असते. पण १९८६ मध्ये राज्य शासनाने खास कायदा करून एम्प्रेस संपादन केली व महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपविली, तेव्हा आपल्याच विचाराच्या लोकांनी समाधानाचा निःश्वास टाकला होता. मालक बदलला, गिरणी वाचली, असे वाटले. सोळा वर्षांनी, २००२ मध्ये, शासनानेही ती बंद केली. या सोळा वर्षांत तिचे रूप पालटेल एवढे नवे भांडवल तिच्यात आले नाही. पगार निघत राहावेत, दंगा होऊ नये, एवढेच धोरण होते. सार्वजनिक मालकी म्हणजे मंत्रालयाची मालकी असे समीकरण एकदा स्वीकारले की मालकाचे अंतर तेवढेच राहते, कारण मंत्रालयही मुंबईतच आहे. फरक इतकाच, की या दुसऱ्या मालकाने दुःख झाल्याचेही सांगितले नाही.

आज त्या जागेवर मॉल आणि निवासी मनोरे उभे आहेत, आणि नाव ‘एम्प्रेस’च ठेवले आहे. मुंबईत १९९१ च्या विकास नियमावलीतील ५८ व्या नियमामुळे गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न निदान चर्चेत तरी राहिला, आणि पुढे गिरणीकामगारांच्या घरांसाठी सोडती निघाल्या. पुरेशा नव्हेत, पण निघाल्या. तो नियम बृहन्मुंबईपुरता. नागपूरच्या गिरणीकामगाराची जमीन विकली गेली तेव्हा त्याच्यासाठी ५८ वा नियम नव्हता. एकाच राज्यात, एकाच धंद्यात, एकाच काळात बेकार झालेल्या दोन कामगारांमध्ये हा भेद का, याचे उत्तर विदर्भातील आमदारांनीही कधी आग्रहाने मागितले नाही.

मग दुसरी वाट होती काय? कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे उदाहरण जवळचे आहे. मालक घराण्याच्या भांडणात १९८५ मध्ये बंद पडलेला हा कारखाना कामगारांनी सहकारी संस्था काढून ताब्यात घेण्याची योजना मांडली, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीस मान्यता दिली. कामगारांनी तो काही वर्षे यशस्वीपणे चालविला. पुढे खेळत्या भांडवलाअभावी आणि बाजाराच्या रेट्याखाली तो अडचणीत आला. त्या शेवटाकडे बोट दाखवून ‘कामगार कारखाना चालवू शकत नाहीत’ असे म्हणणारे लोक एम्प्रेसकडे बोट दाखवून ‘टाटा गिरणी चालवू शकत नाहीत’ असे कधी म्हणत नाहीत. घटनेच्या ४३-अ कलमात १९७६ पासून व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचे तत्त्व लिहिलेले आहे. त्यासाठी १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारच्या काळात राज्यसभेत विधेयक मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. तो आधीच झाला असता तर एम्प्रेस वाचली असती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, परंतु पन्नास लाखांची चर्चा दोन संचालकांच्या मतभेदापुरती राहिली नसती.

आता कामठीकडे. येथील विणकर आपल्या मागाचा मालक आहे. निदान सरकारी नोंदीत आणि स्वतःच्या मनात तो मालक आहे. माग त्याच्या घरात, खड्डा त्याच्या ओसरीत. पण सूत व्यापाऱ्याचे, नक्षी व्यापाऱ्याची, साडीचा भाव व्यापाऱ्याचा. १९८५ मध्ये हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा झाला, तो १९९३ मध्ये न्यायालयात टिकलाही, आणि तरीसुद्धा तेच वाण यंत्रमागावर निघून बाजारात हातमागाच्या नावाने विकले गेले. तेव्हा माग थांबविण्याचा निर्णय कोणत्याही संचालक मंडळाने घेतला नाही. नोटीस लागली नाही, भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही, विधिमंडळाने कायदा केला नाही. ओसरीतला खड्डा बुजवून तेथे किराणा मांडला किंवा पोराला ऑटोरिक्षा घेऊन दिला, एवढेच. या मालकाची मुलाखत कोणी घेतली नाही. मालक असल्यामुळे तो बेकारांच्या गणतीतही येत नाही.

बिडीवाल्यांची तऱ्हा याहून चतुर. बाबू हरदास यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात कामठीत बिडीकामगारांची संघटना बांधली आणि १९३७ मध्ये ते विधिमंडळात गेले. अवघ्या पस्तिशीत, १९३९ साली, ते वारले. त्यांनी उचललेला प्रश्न १९६६ च्या कायद्यापर्यंत पोहोचला, आणि त्या कायद्याच्या जाचातून सुटण्यासाठी देशभर अनेक मालकांनी कारखाने आवरून ठेकेदारामार्फत घरोघर पान-तंबाखू वाटण्यास सुरुवात केली. घरी वळणारी बाईही कामगारच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मान्य केले. मालकाने मात्र आपला कारखाना अशा रीतीने विखरून ठेवला आहे की तो बंद करण्याची पाळीच त्याच्यावर येत नाही. एका मोहल्ल्यात पान द्यावयाचे थांबले की त्या मोहल्ल्यापुरता कारखाना बंद. त्या दिवशी कामगार बाईच्या हाती ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असतो की नसतो, हे घरोघर जाऊन तपासण्याचे काम येथील कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. सूत व्यापाऱ्याच्या हिशेबाची वहीही त्याच फेरीत मागून पाहावी.