गेट-सभेत काय बोलावे?

(बेंगळूर येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, मुलांपुढे वैद्य आणि आचारी उभे केले, तर वैद्य उपाशी मरेल. श्रोत्यांना गोड तेवढेच वाढणाऱ्या वक्त्याला तो आचाऱ्याच्या पंगतीत बसवतो.

आम्ही पुढारी कोणत्या पंगतीतले? जॉर्ज फर्नांडिस तरुणपणी याच शहरात पाद्री होण्यासाठी शिकले. पुढे त्यांच्या हाकेवर ८ मे १९७४ पासून लाखो रेल्वे कामगार संपावर गेले. संप २० दिवस चालला. हजारो बडतर्फ झाले, कुटुंबे क्वार्टरबाहेर निघाली.

बोनस म्हटले की टाळ्या पडतात. बडतर्फी म्हटले की सभा गप्प! रेल्वे असो वा टपाल, हे आम्ही मतदानाआधीच सांगू. हात कमी वर आले, तर तेवढेच मोजू.