मोबाइलमधलं वावर



उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि घरोघरी मुलं मोबाइलवर शेती करायला बसली. कुणी फिनलंडच्या कंपनीनं २०१२ साली आणलेला ‘हे डे’ खेळतं, कुणी स्वित्झर्लंडहून आलेल्या ‘फार्मिंग सिम्युलेटर’मध्ये ट्रॅक्टर हाकतं. हे खेळ मुलांसाठी चांगले का, असं पालक विचारतात. माझं म्हणणं असं, की खेळू द्या. पण त्या खेळात जे नाही, ते मुलांना आपणच दाखवायला हवं.

मारधाडीच्या खेळांपेक्षा हे बरे, एवढ्यावर मी थांबणार नाही. त्यात एक खरा धडा आहे. ‘हे डे’मध्ये एक पेरलं की दोन हाती येतात. पण कोठारातलं सगळंच विकून टाकलं, तर पुढच्या पेऱ्याला बियाणं उरत नाही. चिखली-मेहकरकडचा शेतकरी सोयाबीनचं चांगलं बियाणं घरी राखून ठेवतो, ते याचसाठी. शिवाय आपल्याकडं बापाचा धंदा शेती आहे हे सांगायला लाजणारी मुलं काही कमी नाहीत. या खेळांत जगभरची पोरं हौसेनं नांगरणी-पेरणी करताहेत, हे त्यांना दिसतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

आता खेळातलं सोयाबीन वीस मिनिटांत येतं, आपल्याकडं त्याला शंभरेक दिवस लागतात. कापूस अडीच तासांत तयार. आणि इथं जूनमध्ये लावलेल्या पऱ्हाटीची पहिली वेचणी व्हायला दसरा-दिवाळी उजाडते. खेळ आहे, वेळ आखडणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला खुपतं ते निराळं. ‘हे डे’च्या शेतात कुणी बुडत नाही. पिकलेलं पीक, तुम्ही हात लावेपर्यंत, तसंच उभं राहतं. येलो मोझॅक नाही, बोंडअळी नाही, रात्री रोह्यांचा कळप शिरत नाही. आणि रस्त्याकडेच्या आपल्या दुकानात मालाचा भाव आपणच लावायचा! खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन एकदा मुलाला सोबत न्या. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, यंत्रावर ओलावा बघतो. बारा टक्क्यांच्या वर निघाला की भाव उतरतो. पिकवणारा बाजूला उभा राहून दुसऱ्यानं बोललेला आकडा ऐकतो. त्या एका सकाळीत मुलाला जे कळेल, ते खेळाच्या शंभराव्या पातळीवरही कळणार नाही.

हे कळणं का हवं? कारण खेळ नकळत मनात भरवतो, की जो राबतो त्याचं पिकतं; म्हणजे ज्याचं पिकलं नाही, तो आळशी. शहरात वाढलेलं मूल हीच समजूत घेऊन उद्या बँकेत कर्जाच्या टेबलावर किंवा पीकविम्याच्या कचेरीत बसेल. २२ जुलै २०२३ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पाऊस कोसळला, पूर आले, उभ्या पिकासकट वावरं खरडून गेली. ज्यांची गेली, त्यांनी कोणता आळस केला होता? दर अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत ऐकायला गावोगावचे लोक जमतात. त्या भाकितावर माझा भरवसा नाही. पण लोकांना तिथवर नेणारी काळजी शंभर टक्के खरी आहे, आणि मोबाइलमधल्या शेतकऱ्याला ती कधीच पडत नाही.

एक सावधगिरी घ्याच. पीक लवकर यावं म्हणून ‘हे डे’मध्ये हिरे लागतात आणि ते खऱ्या पैशांनी विकत मिळतात. पैसे देण्याचा पिन मुलाच्या हाती नको. वेळही ठरवून द्या.

आणि पेरणीच्या आधी घरी एक काम त्याच्याकडं सोपवा. शेती नसली तरी चालेल, ओळखीच्या शेतकऱ्याकडून मूठभर सोयाबीन आणा. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा घालून हलक्या हातानं गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. मूल मधेच उघडून बघेल, बघू द्या. सहा-सात दिवसांनी गुंडाळी सोडून धडधाकट कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले, तर बियाणं पेरायला ठीक. कमी भरले, तर एकरी बियाणं वाढवावं लागतं. किती वाढवायचं आणि त्याचे किती रुपये होतात, तो हिशेब त्यालाच वहीत मांडू द्या.