जमिनीखालच्या उष्णतेचे भाकीत

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीच्या कुंडांत पाण्याचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तानसा नदीच्या काठी अकलोली, वज्रेश्वरी येथेही असेच झरे आहेत आणि त्यांची रांग कोकणातून थेट राजापूरपर्यंत जाते. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथे तर पाणी ७० अंशांच्या घरात पोहोचते. भूगर्भातील या उष्णतेवर एक दिवस कारखाने चालतील, हे भाकीत शंभर वर्षांहून जुने आहे.

१९०४ मध्ये इटलीतील लार्देरेल्लो येथे जिनोरी कोंती यांनी जमिनीतून उसळणाऱ्या वाफेवर पाच दिवे पेटवले. १९१३ मध्ये तिथेच २५० किलोवॅटचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच १९०४ साली वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनी १२ मैल, म्हणजे सुमारे १९ किलोमीटर खोल विवर खणण्याची कल्पना मांडली. खर्च ५० लाख पौंड, मुदत ८५ वर्षे! ती मुदत १९८९ मध्ये संपली आणि योगायोग असा, की त्याच वर्षी रशियातील कोला येथील वेधनविहीर १२,२६२ मीटरवर पोहोचली. जगातले हे सर्वांत खोल विवर, पण खालचे तापमान अपेक्षित १०० अंशांऐवजी १८० निघाले, खडक मऊ पडू लागला आणि काम पुढे सरकेना. पार्सन्सना उष्णतेची खात्री होती आणि ती खरीच ठरली. फसला तो खोलीचा हिशेब.

भारत सरकारने १९६६ मध्ये गरम झऱ्यांसाठी समिती नेमली. पुढे भूगर्भातील उष्णतेपासून वीज मिळवण्याची देशाची क्षमता १०,६०० मेगावॅट असल्याचा अंदाज निघाला आणि तो आजही लेखालेखांतून फिरतो. प्रत्यक्षात हिमाचलातील मणिकरणला ५ किलोवॅटचा प्रायोगिक संच चालला. लडाखमधील पुगा येथे अशाच वीजप्रकल्पासाठी २०२१ मध्ये करार झाला, पण व्यापारी वीजकेंद्र देशात अजून एकही नाही.

कोकणातली अडचण वेगळी आहे. इथल्या झऱ्यांखाली धगधगता लाव्हा नाही, दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. टर्बाइन फिरते ते गरम आणि गार यांच्यातील फरकावर. अलास्कातील चेना येथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते, कारण थंडावा देणारे पाणी ४ अंशांचे मिळते. गणेशपुरीत ५० अंशांचे पाणी २८ अंशांच्या पाण्याने थंड करायचे म्हटले, तर निसर्गनियमानेच उष्णतेच्या शंभर भागांतले सातही भाग कामी येत नाहीत. यंत्रातली गळती वजा केल्यावर हाती येणारे त्याहून कमी. त्यातून पंप चालवण्याचा खर्चही निघणे कठीण. कोकणात वीज हवी असेल, तर कुंडांपेक्षा बरेच खोल वेधन करून अधिक तापलेले पाणी शोधावे लागेल.